संत डन्स्टनचं चरित्र वाचायचंय? आधी ती सांडशी बाजूला ठेवा

डन्स्टनबद्दल शोधायला गेलं की सगळ्यात आधी सैतानाचं नाक समोर येतं. महाराज भट्टीपाशी काम करत बसलेत, सैतान छळायला आला आणि ह्यांनी लालभडक सांडशीत त्याचं नाकच पकडलं. गोष्ट मस्तच आहे, पण तिथून सुरुवात केली की दहाव्या शतकातला खरा माणूस, म्हणजे इंग्लंडमधला मठवासी आणि पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला डन्स्टन, काही हाती लागत नाही.

मी काय करतो सांगतो. कुठलाही प्रसंग वाचला की आधी बघायचं, हा पहिल्यांदा कोणी लिहिला आणि डन्स्टन गेल्यावर किती वर्षांनी. तो वारला १९ मे ९८८ ला. सगळ्यात जुनं चरित्र इ.स. १००० च्या आसपासचं, लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव नुसतं 'बी' एवढंच ठेवलंय, पण तो डन्स्टनला ओळखणारा होता. मग गेंटचा अ‍ॅडेलार्ड, आणि १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतर कँटरबरीचे ऑसबर्न आणि ईडमर. नाकाची गोष्ट ऑसबर्नकडे येते, म्हणजे मधे शंभरेक वर्षं गेली! सैतानाच्या पायाला घोड्याचा नाल ठोकल्याची गोष्ट तर त्याहून बरीच उशिराची.

दुसरं, संताला न शोभणारे प्रसंग आले की तिथे थांबा. बी सांगतो की दरबारातल्या जळणाऱ्या लोकांनी पोरावर जादूटोण्याचा आळ घेतला, हाकलला आणि जाताना बांधून चिखलात लोळवला. बिशप एल्फहेय नात्यातला, तो मागे लागला होता संन्यासी हो म्हणून, तर हा नाही म्हणाला कारण लग्न करायचं होतं, पुढे मोठं आजारपण आलं तेव्हा कुठे तयार झाला. आता भक्ताने हे कशाला रचलं असतं? म्हणून मी अशा जागांवर जास्त विश्वास ठेवतो.

चेडरच्या कड्याचा प्रसंग वाचताना दोन भाग करा. राजा एडमंडने याला दरबारातून काढलं होतं, मग शिकारीत हरणामागे घोडा उधळला, कडा समोर, राजाला आपली चूक आठवली आणि घोडा अगदी टोकाला थांबला. घोड्याचं आपण काही सांगू शकत नाही, पण त्याच राजाने त्याला ग्लास्टनबरीच्या मठाचा प्रमुख केला हे पक्कं, आणि मठांच्या सुधारणेची, म्हणजे तिथे पुन्हा कडक शिस्त आणण्याची, सुरुवात तिथूनच.

राज्याभिषेकाच्या मेजवानीतून उठून बायकांच्या दालनात गेलेल्या राजा एडविगला डन्स्टनने ओढत परत आणलं, हा प्रसंग सगळे चवीने सांगतात. इथे विचारा की शेवटी जिंकलं कोण. एडविग जेमतेम पंधरा-सोळाचा, लवकर मेला, गादी भाऊ एडगरकडे गेली आणि इतिहास एडगरच्या बाजूच्यांनी लिहिला. मला तरी त्या मेजवानीपेक्षा नंतरची हद्दपारी महत्त्वाची वाटते. डन्स्टन फ्लँडर्समधे गेंटच्या मठात राहिला आणि संत बेनेडिक्टने मठवाशांसाठी घालून दिलेल्या नियमाने चालणारा, नव्याने शिस्त लावलेला मठ त्याने आतून बघितला. एडगरने परत बोलावलं, वूस्टर आणि लंडनचा बिशप केलं आणि एडविग ९५९ मधे गेल्यावर तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला.

आणि हो, सुधारणेचं सगळं श्रेय एकट्याला देऊ नका, ही चूक फार होते. विंचेस्टरचा बिशप एथेलवोल्डने ९६४ मधे बायकामुलं असलेल्या पाद्र्यांना सरळ बाहेर काढून मठवासी आणले, देशभरच्या मठांसाठीची नियमावली पण बहुतेक त्यानेच लिहिली. वूस्टरचा बिशप ऑसवल्ड तिसरा. डन्स्टन त्यांच्यात थोरला, राजाचा कान त्याच्याकडे, ९७३ ला बाथमधे एडगरला राज्याभिषेक करणाऱ्यांत तो होता.

सरावाला कॅल्नचा प्रसंग घ्या, साल ९७८. वरच्या मजल्यावर सभा, जमीन कोसळली, कोणी मेलं, कोणी जायबंदी, आणि डन्स्टन एकटा तुळईवर उभा. हे अँग्लो-सॅक्सन बखरीत, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडच्या वर्षवार नोंदीत आहे, जास्त भाष्य न करता. पुढे भक्तांनी चमत्कार म्हटलं, संशयखोरांनी त्याच्यावरच शंका घेतली. दोघांचं वाचा, पण बखरीतली ओळ वेगळी ठेवा.

ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत ग्लास्टनबरीची एक जुनी वही आहे, तिच्यात ख्रिस्ताच्या पायाशी एक छोटासा संन्यासी पालथा पडलाय आणि शेजारी 'मला, डन्स्टनला, सांभाळ' अशा अर्थाची प्रार्थना. वर लिहिलंय की हे चित्र आणि अक्षर संताच्या स्वतःच्या हातचं. ती वरची ओळ पण कोणीतरी नंतर लिहिलेली आहे.