टॉवेल कारखान्यासाठी ईआरपीनेक्स्टमध्ये टाइलचा डॅशबोर्ड कसा उभारावा

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आता बऱ्याच टॉवेल-चादर कारखान्यांची बिलं, सूतखरेदी आणि गोदाम संगणकावर आलंय. तरी सकाळी मालकाला काही हवं असलं की तो फोनच उचलतो. काल किती माल गेला? मुंबईच्या पार्टीचे पैसे आले का? सूत किती उरलंय? मग मुनीम तीन रिपोर्ट काढतो, कॅल्क्युलेटरवर बेरीज मारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत निम्मी सकाळ गेलेली असते. लॉगिन केल्याबरोबर हेच आकडे चौकोनी टाइल्समध्ये समोर यावेत, एवढंच डॅशबोर्डचं काम.

इथली कृती ईआरपीनेक्स्टची आहे. बिलं, खरेदी, साठा, उत्पादन असा सगळा कारभार एका जागी सांभाळणारी, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेली ही प्रणाली मुक्त स्रोत आहे, त्यामुळे प्रत्येक वापरकर्त्यामागे परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्व्हरचा आणि बसवून देणाऱ्याचा खर्च मात्र येतोच. आवृत्ती बदलली की बटणांच्या जागा थोड्या हलतात, पण नावं साधारण तीच राहतात.

आधी कागद-पेन

संगणक उघडण्याआधी हव्या त्या टाइल्स कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे एक नाव टाका: हा आकडा वाढला किंवा घटला तर उठून काम कोण करणार? नाव सुचलं नाही तर ती टाइल खोडा. ‘एकूण ग्राहक’ ही टाइल हौसेने सगळेच मागतात. ती बघून आजवर कोणी काही केलेलं नाही.

टॉवेल कारखान्याला पुरेशी यादी अशी: मुदत उलटलेली येणी (मुनीम फोन करणार), पाठवायच्या राहिलेल्या ऑर्डरी (पॅकिंगवाला), सुताचा साठा (खरेदी बघणारा), चालू वर्क ऑर्डरी म्हणजे उत्पादनाची कामं, आणि माग बंद राहण्याची कारणं (दोन्ही जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा). ‘या महिन्याची विक्री’ या कसोटीत बसत नाही, पण मालक ती मागणारच, ठेवून द्या.

पहिली टाइल: मुदत उलटलेली येणी

ईआरपीनेक्स्टमध्ये आकड्याच्या टाइलला ‘नंबर कार्ड’ म्हणतात. वरच्या शोधपट्टीत नंबर कार्ड शोधा आणि नवीन उघडा.

१. ‘लेबल’मध्ये नाव द्या. इथे बिनधास्त मराठीत लिहा. ‘मुदत उलटलेली येणी’ हे ‘ओव्हरड्यू आउटस्टँडिंग’पेक्षा कारखान्यात लवकर कळतं.

२. ‘टाइप’ला डॉक्युमेंट टाइप आणि दस्तऐवज म्हणून सेल्स इनव्हॉइस (विक्रीचं बिल) निवडा.

३. ‘फंक्शन’ला सम घ्या आणि बेरीज आउटस्टँडिंग अमाउंटची सांगा. काउंट ठेवलात तर रकमेऐवजी बिलांची संख्या दिसेल.

४. फिल्टरमध्ये स्टेटस बरोबर ओव्हरड्यू असं लावा.

५. इतरांनाही ही टाइल वापरायची असेल तर ‘इज पब्लिक’वर खूण करा. ‘इज स्टँडर्ड’ला हात लावू नका, ते प्रणाली बनवणाऱ्यांसाठी आहे.

सेव्ह केलं की टाइल तयार. तिच्यावर क्लिक केलं की तीच बिलं यादीत उघडतात, आणि टाइलचा खरा उपयोग इथे आहे: आकडा बघितला, क्लिक केलं, पार्टीचं नाव दिसलं, फोन लावला.

या टाइलचा खरेपणा बिलावरच्या देय तारखेवर उभा आहे. पुष्कळ ठिकाणी पेमेंट टर्म्स, म्हणजे पैसे किती दिवसांत द्यायचे याच्या अटी, भरलेल्याच नसतात. मग बिलाची तारीख हीच देय तारीख धरली जाते आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक बिल ओव्हरड्यू होतं. आधी पेमेंट टर्म्स टेम्प्लेट बनवून ग्राहकांना जोडा. किती दिवस ठेवायचे हे तुमच्या व्यवहारावर आहे. मात्र सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या कारखान्याने ४५ च्या पुढची मुदत टेम्प्लेटमध्ये टाकणं म्हणजे आपणच आपला हक्क सोडणं.

आकडा दिसतो, पण तो खरा आहे का?

टाइल बनवायला पाच मिनिटं लागतात. ती खोटं बोलत नाही ना हे तपासायला अख्खा दिवस द्यावा, असं माझं मत आहे. कारण टाइलवरचा मोठा ठळक आकडा रिपोर्टपेक्षा जास्त खरा वाटतो.

सोलापुरी टॉवेल परदेशी जातो, म्हणून सगळ्यात आधी चलन. सेल्स इनव्हॉइसवर ‘ग्रँड टोटल’ हा बिलाच्या चलनात असतो. दहा हजार डॉलरचं बिल आणि दहा हजार रुपयांचं बिल यांची बेरीज टाइल निमूटपणे वीस हजार दाखवते. विक्रीच्या टाइलसाठी ज्या रकान्यापुढे ‘कंपनी करन्सी’ लिहिलंय तोच निवडा. येण्यांतही हीच गोम आहे: निर्यातीच्या ग्राहकाचं येणं खातं डॉलरमध्ये उघडलेलं असेल तर त्याची थकबाकीही डॉलरमध्येच साठते. उपाय सोपा आहे. ‘डेबिट टू’ या खात्यावर फिल्टर लावून देशी येणी आणि निर्यात येणी अशा दोन टाइल्स करा.

दुसरं, जीएसटी. ग्रँड टोटलमध्ये कर धरलेला असतो. महिन्याची विक्री म्हणून तो आकडा दाखवला तर मालक खूश होईल, सीए नाही. नेट टोटल घ्या, तेही कंपनी करन्सीतलं.

तिसरं, कच्ची आणि रद्द बिलं. विक्रीच्या टाइलला डॉक्युमेंट स्टेटस सबमिटेड असा फिल्टर हवाच, नाहीतर मुनीमाने अर्धवट ठेवलेली बिलंही बेरजेत शिरतात. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट उणे रकमेची असते, ती आपोआप वजा होते. तिला गाळू नका.

चौथं, तारखा. ‘या महिन्याची विक्री’ करताना एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत अशा ठरावीक तारखा टाकल्या की पुढच्या महिन्यात टाइल तशीच गोठून राहते. पोस्टिंग डेटला (बिलाच्या तारखेला) ‘टाइमस्पॅन’ ही अट लावा आणि ‘धिस मंथ’ निवडा. महिना बदलला की टाइल आपोआप सरकते. ऑर्डरीच्या टाइलला मात्र हे लावू नका. डिलिव्हरी डेट ‘धिस वीक’ ठेवली की गेल्या आठवड्यात पाठवायची राहिलेली ऑर्डर टाइलमधून गायब होते, आणि सगळ्यात आधी तीच दिसायला हवी. तिथे तारखेची अटच नको. ‘टू डिलिव्हर’ आणि ‘टू डिलिव्हर अँड बिल’ एवढे दोन स्टेटस घ्या, टाइलवर क्लिक करा आणि यादी डिलिव्हरीच्या तारखेने लावा.

राहिला टाइलखाली दिसणारा टक्का. ‘शो पर्सेंटेज स्टॅट्स’वर खूण केली की मागच्या आठवड्यापेक्षा इतके टक्के वाढ असं काहीतरी दिसतं. हा हिशोब नोंदी कधी तयार झाल्या यावरून होतो. गेल्या आठवड्यात थकलेलं आणि काल वसूल झालेलं बिल फिल्टरमधूनच निघून गेलेलं असतं, ते जुन्या आकड्यातही धरलं जात नाही. म्हणून येण्यांच्या टाइलवर हा टक्का दिशाभूल करतो. तिथे तो बंद ठेवा. आणि महिन्या-महिन्याच्या तुलनेत पंचांग विसरू नका; जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, दिवाळीआधी चादरीची उचल वाढते. सरळ रेषेत वाढणारा आलेख इथे शोधू नये.

एकाच घरच्या दोन फर्म असणं सोलापुरात नवीन नाही. दोन्ही एकाच प्रणालीत असतील तर ‘डायनॅमिक फिल्टर’मध्ये कंपनीच्या रकान्यात वापरकर्त्याची डीफॉल्ट कंपनी घेणारी ओळ टाका. त्या खिडकीतच नमुना दिलेला असतो, तोच उतरवायचा.

सूत आणि गोदाम

साठ्याचा आकडा ‘बिन’ या दस्तऐवजात असतो. ॲक्च्युअल क्वांटिटीची बेरीज घ्या. पण सूत किलोत, टॉवेल नगात, खोके डझनात, आणि टाइल हे सगळं एकत्र मिळवून एक निरर्थक संख्या देते. बिनमध्ये गोदामाचा फिल्टर लागतो, म्हणून सुताचं गोदाम प्रणालीत वेगळं हवं. प्रत्यक्षात एकाच शेडमध्ये रंगाचे डबे शेजारी असले तरी हरकत नाही.

आलेख: माग का थांबले

कारणांसाठी आकडा पुरत नाही, आलेख लागतो. उत्पादन विभागात ‘डाउनटाइम एन्ट्री’ नावाचा दस्तऐवज आहे. त्यात वर्कस्टेशन (कामाची जागा किंवा यंत्र), सुरुवात, शेवट आणि थांबण्याचं कारण भरता येतं. वीज गेली, यंत्र बिघडलं, मांडणीला वेळ गेला अशी कारणं यादीत तयार आहेत. प्रत्येक मागाला वेगळं वर्कस्टेशन न करता शेडमागे किंवा मागांच्या ओळीमागे एक करा, नाहीतर जॉबर चार दिवसांत भरणं सोडेल.

मग ‘डॅशबोर्ड चार्ट’ नवीन उघडा. चार्ट टाइप ‘ग्रुप बाय’, दस्तऐवज डाउनटाइम एन्ट्री, गट थांबण्याच्या कारणावर, बेरीज डाउनटाइमची. ती मिनिटांत येते. प्रकार बार ठेवा. पाय चार्ट दिसायला छान, पण बिघाड आणि मांडणी यांत जास्त कोण हे त्यात डोळ्याला कळत नाही. आलेखावर ‘लास्ट सिंक्ड’ अशी वेळ दिसते, म्हणजे आकडे त्या वेळचे आहेत. ताजे हवे असतील तर तीन टिंबांच्या मेनूतून रिफ्रेश करा.

सगळं एका पानावर

आता ‘वर्कस्पेस’, म्हणजे लॉगिननंतर दिसणारं पान, नवीन करा, ‘एडिट’ दाबा आणि एकेक ब्लॉक घाला: वर शीर्षक, खाली नंबर कार्ड, त्याखाली आलेख, शेवटी रोजच्या नोंदींचे शॉर्टकट. ब्लॉक माउसने ओढून हलवता येतात, रुंदीही बदलते. सर्वांसाठीचं पान करायला ‘वर्कस्पेस मॅनेजर’ ही भूमिका (रोल) लागते. ती नसेल तर पान फक्त तुमच्या खासगी यादीत राहील.

मालक हे पान बहुतेक मोबाइलवर बघणार. तिथे टाइल्स एकाखाली एक येतात, त्यामुळे येणी सर्वांत वर आणि आलेख खाली.

सगळ्यांना एकच पान देऊ नका. वर्कस्पेसला रोल जोडता येतात, त्याचा वापर करून जॉबरचं पान वेगळं करा: त्यात चालू वर्क ऑर्डरी, बंद मागांचा आलेख आणि डाउनटाइम एन्ट्रीचा शॉर्टकट, बस. पान लपवलं म्हणजे माहिती लपली असं मात्र नाही. माहिती अडते ती दस्तऐवजाच्या परवानगीने. ज्याला सेल्स इनव्हॉइस वाचायची परवानगी आहे त्याला शोधपट्टीतूनही बिलं सापडतील, म्हणून रोल परमिशन आधी नीट करा.

शेवटी जॉबरच्या नावाने लॉगिन करून पान उघडा. विक्रीची रक्कम कुठूनही दिसत नाही ना ते बघा. मग मुनीमाच्या नावाने आत या, येण्यांच्या टाइलवर क्लिक करा आणि उघडलेल्या यादीची बेरीज रिसीव्हेबल रिपोर्टमधल्या (येण्यांच्या अहवालातल्या) मुदत उलटलेल्या बिलांच्या बेरजेशी ताडून पाहा. फरक निघाला तर पान अजून कोणाला दाखवू नका. बहुतेक वेळा तो फरक चलनाचा किंवा देय तारखेचा असतो.