वाकळेच्या कापडांसाठी फुकटची खोकी वापरताना या चुका टाळा

वाकळ म्हणजे जुन्या कापडांची गोधडी शिवणाऱ्या घरात कापड फारसे विकत आणावे लागत नाही, ते येतच राहते. ओटीत आलेले ब्लाउज पीस, आजीची विरलेली लुगडी, वडिलांची धोतरे, शिंप्याकडून मागून आणलेले तुकडे, इचलकरंजीच्या नातेवाइकांनी दिलेला मांजरपाट आणि कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधताना सोबत घेतलेले काही, असे साठत साठत आधी दिवाणाचा कप्पा भरतो, मग ट्रंक भरते आणि शेवटी बोचकी माळ्यावर जातात. एवढ्या कापडासाठी नवे डबे घ्यायचे ठरवले तर शिवणकामापेक्षा डब्यांचाच खर्च अधिक होईल, म्हणून घरात पडून असलेल्या खोक्या-डब्यांकडे हात जाणे योग्यच आहे. मीही अनेक वर्षे हेच करते आहे. मात्र डब्यात किती मावेल हे पाहण्याआधी त्यात पूर्वी काय ठेवले होते हे विचारायला हवे, एवढी साधी गोष्ट बरेच कापड खराब झाल्यावर माझ्या लक्षात आली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर डब्याला चिकटून राहिलेले तेल, गूळ, सरस किंवा गंज हवेतल्या ओलीबरोबर कापडापर्यंत हमखास पोहोचतो.

चपलांची खोकी आहेत तशी वापरणे

कोल्हापुरात चपलांच्या खोक्यांना तोटा नाही. साधारण बारा इंच लांब, सात इंच रुंद आणि चार इंच उंच असे हे खोके वाकळेच्या तुकड्यांसाठी मापाने अगदी सोयीचे असते, आणि म्हणूनच ते विचार न करता वापरले जाते. एका वर्षी मी पांढऱ्या केंब्रिकचे चौकोनी तुकडे कापून त्यांची थप्पी अशाच एका खोक्यात ठेवली आणि जूनमध्ये खोके कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरकवले. घट बसण्याच्या आधी घर आवरताना ते उघडले, तेव्हा वरचे तुकडे स्वच्छ होते, पण तळाच्या दोन तुकड्यांना कडेने चहा सांडल्यासारखी पिवळट किनार आली होती, पुठ्ठ्याचा सांधा जिथे सरसाने चिकटवला होता तिथे नखाएवढा गडद डाग पडला होता आणि सगळ्या थप्पीला तेल दिलेल्या चामड्याचा वास येत होता.

याची कारणे दोन आहेत. कोल्हापुरी चपलेचे चामडे पारंपरिक पद्धतीने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात आणि चप्पल मऊ राहावी म्हणून तिला तेल देतात, त्यामुळे तो वास आणि तेलाचा अंश खोक्याचा पुठ्ठा शोषून घेतो. दुसरे असे की साध्या पुठ्ठ्यात लाकडाच्या लगद्यातील लिग्निन उरलेले असते, ते जुने होताना आम्ल तयार होते आणि त्याच्याशी सतत टेकलेले सुती कापड हळूहळू पिवळे पडते.

म्हणून खोके उघडे करून दोन-तीन दुपार कडक उन्हात ठेवावे, आतला कागद काढून टाकावा आणि तळाला व चारही बाजूंना धुतलेल्या जुन्या पांढऱ्या चादरीचे अस्तर घालावे. अस्तर चिकटवू नये, कडेने वर घेऊन बाहेर दुमडावे, म्हणजे दरवर्षी काढून धुता येते. अस्तराऐवजी वर्तमानपत्र वापरण्याची सवय अनेक घरांत आहे, पण त्याची शाई ओलीने कापडावर उतरते आणि तो कागदही पुठ्ठ्यासारखाच पिवळा पडणारा असतो. डागाळलेले तुकडे कोमट साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून उन्हात वाळवून पाहावेत. डाग गेला तर ठीक, नाही तर ते वाकळेच्या पोटात घालावेत. तिथे रंग कोण पाहतो?

थप्पी रचणे

खोके मिळाले की आपण कापडे एकावर एक रचतो, आणि तळाचा निळा ठिपक्यांचा तुकडा काढण्यासाठी वरचे सगळे उपसतो. दोन वेळा असे झाले की घड्या मोडतात आणि तिसऱ्या वेळी सगळे पुन्हा बोचक्यात कोंबले जाते. कार्यालयातल्या फायलींप्रमाणे घड्या उभ्या लावल्या तर प्रत्येक कापडाची कड वरून दिसते, आणि त्यासाठी घड्यांचे माप एकच असावे लागते.

साडीच्या घडीतून निघणारा जाड पुठ्ठा घेऊन त्याची पाच इंच रुंद आणि बारा इंच लांब पट्टी कापावी. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे एक मीटर कापड असेल तर काठाला काठ लावून ते निम्मे करावे, पुन्हा एकदा निम्मे करावे, म्हणजे अकरा इंच रुंदीची लांब पट्टी तयार होते. ही पट्टी पुठ्ठ्याभोवती सैलसर गुंडाळावी, पुठ्ठा अलगद बाहेर ओढून घ्यावा आणि मोकळे टोक आत जाईल अशा बेताने घडी खोक्यात उभी करावी. खोक्याच्या चार इंच उंचीवर घडीचा इंचभर भाग वर डोकावतो आणि रंग ओळखायला तो पुरेसा असतो. मात्र त्यामुळे झाकण बसत नाही, तेव्हा वरून मांजरपाटाचा तुकडा अंथरावा. एका खोक्यात अशा दहा-बारा घड्या बसतात. तेरावी दडपून बसवली तर एक काढताना शेजारच्या दोन सोबत बाहेर येतात, तेव्हा हाव करू नये. अख्खे लुगडे किंवा साडी मात्र या मापात गुंडाळू नये, ती फार जाड होते. तिच्यासाठी उशीचा जुना अभ्रा चांगला, कारण त्यातून हवा खेळते आणि धूळ बसत नाही.

उभ्या घड्यांचाही एक दोष आहे. घडीच्या वरच्या कडेवर खिडकीतला उजेड पडत राहिला तर तेवढीच रेघ विटते आणि ती वाकळेत नेमकी मधोमध येते. वर अंथरलेला मांजरपाट उजेडही अडवतो. शिवाय वर्षातून दोन-तीनदा घडी उलगडून वेगळ्या जागी घातली तर कापड एकाच रेषेवर झिजत नाही. विरलेल्या लुगड्यांच्या बाबतीत याचा कंटाळा करू नये, कारण ती घडीवरच फाटतात.

गुळाचे, तेलाचे आणि खताचे

गुळाच्या रव्यांचे पुठ्ठ्याचे खोके मजबूत असते आणि मार्केट यार्डाच्या आसपास राहणाऱ्यांना ते सहज मिळते. पण गूळ हवेतले पाणी ओढतो. खोक्याच्या कोपऱ्यात अडकलेला चिमूटभर गूळही पावसाळ्यात पाझरतो आणि मग मुंग्यांची रांग थेट कापडात शिरते. असे खोके कितीही पुसले तरी ते भांड्यांसाठी ठेवावे.

तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा वापरायचाच असेल तर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून तो दोनदा धुवावा, उन्हात पूर्ण वाळवावा आणि आतून पांढरे फडके फिरवून पाहावे. फडक्याला जरासाही चिकटपणा लागला तर डबा नाकारावा. डबा निर्मळ निघाला तरी सांध्यांवर गंज धरतो, म्हणून त्यात कापड अभ्र्यात घालूनच ठेवावे. खताच्या पोत्यांबद्दल आणि कीटकनाशकांच्या डब्यांबद्दल मात्र चर्चेला जागा नाही. ऊसपट्ट्यात ती घरोघरी पडलेली असतात आणि पोती धुऊन वापरण्याची पद्धतही आहे, पण जी वाकळ पुढे बाळाच्या अंगाखाली जाणार तिचे कापड त्यांत ठेवू नये.

डिजिटल फलकात गुंडाळून निश्चिंत होणे

वाढदिवस, निवडणूक किंवा तालमीचा कार्यक्रम झाला की उतरवलेले छापील डिजिटल (फ्लेक्स) फलक कोणाच्या ना कोणाच्या घरी येतात, आणि पाणी आत जात नाही म्हणून माळ्यावरची बोचकी त्यांत गुंडाळली जातात. पाणी आत जात नाही हे खरे, पण आत अडकलेली ओलही बाहेर पडत नाही. जूनच्या दमट दिवशी बांधलेले बोचके सप्टेंबरात सोडले की कुबट वास येतो आणि घडीच्या आतल्या बाजूला काळे ठिपके दिसतात. त्यातच फलकाचे पीव्हीसी मऊ ठेवणारी द्रव्ये आणि छपाईच्या शाईचा वास कापडाला लागतो, तो वेगळाच. फलक ट्रंकेच्या वर, कापडाला न टेकता, गळणाऱ्या कौलांखाली अंथरायला उत्तम आहे.

घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरण्यांनाही हेच लागू होते. कापड मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी, इस्त्री केली असल्यास ते पूर्ण गार झाल्यावर, भरले तर बरणी चांगली. पावसाळ्यात भरले तर ती बुरशीची पेटी होते. चपलांच्या किंवा पर्सच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या अख्ख्या ट्रंकेत टाकून काहीच साधत नाही, कारण त्यांची शोषण्याची क्षमता लहान असते आणि ती काही दिवसांत संपते.

बुरशी आलीच तर घराबाहेर, नाकाला फडके बांधून, ती आधी कोरड्या ब्रशने झटकावी आणि मग कापड साबणाच्या गरम पाण्यात धुवावे. पांढरे कापड उन्हात वाळवावे, रंगीत सावलीत. ते खोके मात्र पुन्हा वापरू नये.

डांबरगोळ्या आणि खळ

कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकल्या जातात, आणि त्याच कपाटात खळ केलेली कापडे ठेवली जातात. कसरीला सुती धाग्यापेक्षा त्यावरची खळ आणि पुठ्ठ्याचा सरस अधिक प्रिय असतो, त्यामुळे साठवायचे कापड आधी धुऊन खळ काढून टाकणे हा पहिला उपाय आहे. ओटीतले ब्लाउज पीस बहुधा कडक खळीचे असतात आणि ते न धुता वर्षानुवर्षे ठेवले जातात, म्हणून कसरीचा शोध तिथूनच सुरू करावा.

डांबरगोळ्या थर्माकोलच्या पेटीत किंवा मिठाईच्या कडक पारदर्शक डब्यात टाकल्या तर ते प्लॅस्टिक मऊ पडून कापडाला चिकटू शकते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळ्यांचा अंश राहिलेल्या कपड्यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळंतविड्याच्या दुपट्यासाठी ठेवलेल्या कापडात त्या कधीही घालू नयेत. पूर्ण वाळलेल्या वेखंडाचे तुकडे मांजरपाटाच्या पुरचुंडीत बांधून ठेवण्याची जुनी पद्धत मला पसंत आहे, पण ती पुरचुंडीही दर काही महिन्यांनी बदलावी. कसर दिसलीच असेल तर कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे, नंतर पिशवी बंद असतानाच ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि मग झटकून धुवावे.

टाचण्या, रबरबँड आणि चिठ्ठ्या

जुळणारे तुकडे टाचणीने एकत्र टोचून ठेवले की पावसाळ्यानंतर प्रत्येक टाचणीपाशी गंजाचा ठिपका मिळतो. पांढऱ्या कापडावरचा ठिपका लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवल्यास बहुधा जातो, पण नंतर कापड भरपूर पाण्यात खळबळावे. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात पाहावे, कारण लिंबाने काही रंग बदलतात. ब्लिचिंग पावडर मात्र लावू नये, तिने गंजाचा डाग आणखी पक्का होतो. रबरबँड उन्हाळ्यात वितळून कापडावर चिकट खूण सोडतो. बांधायला फाटक्या साडीच्या काठाच्या पट्ट्या पुरतात. नावाच्या चिठ्ठ्या खळीने किंवा चिकटपट्टीने लावण्याऐवजी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहाव्यात आणि भोक पाडून सुतळीने खोक्याबाहेर लटकवाव्यात. चमकी असलेली पत्रिका घेऊ नये, ती चमकी पुढे वाकळेतून निघता निघत नाही.

फक्त रंगाने वर्गवारी करणे

हिरव्यात हिरवे, लालात लाल असे लावलेले खोके दिसते सुंदर, पण शिवताना फसवते. हिरव्या ढिगात नवा न धुतलेला ब्लाउज पीस, चाळीस वर्षे धुतलेले लुगडे आणि पॉलिस्टरची साडी शेजारी शेजारी असतात. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटत नाही आणि पॉलिस्टर तर दोन्हींना दाद देत नाही. तिन्ही एका वाकळेत आली की पहिल्या धुण्यानंतर ती जागोजागी फुगते आणि जुन्या कापडावरचा धावदोरा कापड फाडून बाहेर येतो. म्हणून आधी धागा, मग जाडी आणि जुनेपणा, आणि शेवटी रंग असा क्रम असावा. धाग्याची शंका असल्यास कडेचे दोन धागे चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, पेटवून पाहावे. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. गडद लाल आणि निळ्या कापडांचा रंग सुटतो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहिल्याशिवाय ती पांढऱ्याशेजारी लावू नयेत.

सगळे जमिनीवर ठेवणे

दिवाणाखालची जागा फुकटची वाटते, पण फरशीला ओल येते आणि पुठ्ठा ती तळातून पितो. खोकी निदान दोन विटांवर टाकलेल्या फळीवर असावीत. कोल्हापुरातल्या सुतारवाडा, शुक्रवार पेठ, शाहूपुरी या भागांत राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. अशा भागात खोकी ३९ फुटांची बातमी येण्याआधीच वर जायला हवीत, कारण नंतर हात माणसे, जनावरे आणि कागदपत्रे हलवण्यात गुंतलेले असतात. पुठ्ठ्याचे भिजलेले खोके उचलताना तळातून सुटते, म्हणून जून लागला की मी खालच्या कप्प्यातल्या घड्या खोक्यांतून काढून जुन्या चादरीत घालते आणि चार टोकांची गाठ मारून एकेक बोचके करते. बोचके एकटीला उचलून जिना चढता येईल एवढ्याच वजनाचे असावे. माझ्या अंदाजाने ते दोन खोक्यांच्या घड्यांहून मोठे करू नये.