शहर कुठे संपतं, हे कसं ठरवायचं?

शहरांची तुलना करायला बसलात की लोकसंख्येच्या यादीला लगेच हात घालू नका. यादीतल्या ‘शहर’ या शब्दामागे नेमकी कुठली जमीन आहे, ते आधी तपासा. माझ्या पहिल्या अहवालात मी ते तपासलं नव्हतं. घनतेप्रमाणे शहरं ओळीने लावली. मग लक्षात आलं, एकाच्या हद्दीत डोंगर आणि शेतंही होती, दुसऱ्याची हद्द जुन्या गाभ्यापुरतीच होती. तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

चीनमधलं चोंगचिंग घ्या. प्रशासकीय हद्द सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, त्यात गावंच गावं. उलट ‘सिटी ऑफ लंडन’, म्हणजे लंडनचा जुना गाभा, जेमतेम ३ चौरस किलोमीटर. २०२१ च्या जनगणनेत तिथे राहणारे दहा हजारांहून कमी, पण कामाला येणारे लाखो.

म्हणून आधी प्रश्न पक्का करा. करवसुली किंवा पालिकेचा खर्च अभ्यासायचा असेल तर पालिकेची हद्दच बरोबर. पण पगार, घरभाडं, रोजगार यांचा अभ्यास असेल तर शहर म्हणजे एक श्रमबाजार: जिथे राहून माणूस रोज कामाला जाऊ शकतो, तेवढा सगळा प्रदेश. नागरी अर्थशास्त्राला बहुतेक वेळा हेच शहर हवं असतं.

ते आखायला युरोपीय संघ आणि ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) यांची पद्धत मला सर्वांत स्वच्छ वाटते. नकाशावर एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडा. ज्यात किमान १,५०० माणसं राहतात असे एकमेकांना लागून असलेले चौकोन जोडा. एकूण लोकसंख्या ५०,००० भरली तर तो गाभा झाला. ज्या पालिकांची निम्मी तरी वस्ती या गाभ्यात आहे, त्या मिळून शहर. मग भोवतालच्या पालिका एकेक तपासा. तिथे राहणाऱ्या नोकरदारांपैकी किमान १५ टक्के या शहरात कामाला येत असतील तर ती पालिका आत घ्या. दोन शहरांमध्येही हाच निकष लावा. एकातले १५ टक्के दुसऱ्यात जात असतील तर दोघांचं महानगर एकच.

अमेरिकेत हा उंबरठा २५ टक्के आहे आणि मोजणीचं एकक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. इथे सांभाळा. कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काउंटी ५२,००० चौरस किलोमीटरची, बरीचशी वाळवंट. ती अख्खी महानगर क्षेत्रात मोजली जाते. अशा ठिकाणी एकूण क्षेत्रफळाने भागून काढलेली घनता निरर्थक ठरते. त्याऐवजी सामान्य रहिवाशाच्या आसपास किती माणसं राहतात, ते मोजा.

उंबरठा १०, १५, २५ असा बदलून गणित पुन्हा करा. निष्कर्ष उलटला तर तो शहरांबद्दल नसून तुम्ही आखलेल्या रेषेबद्दल आहे, आणि हे अहवालात स्पष्ट लिहा. वाढ मोजताना एकाच वर्षाची हद्द सगळ्या वर्षांना लावा, नाहीतर नकाशात नव्याने आलेली गावंही लोकसंख्यावाढ म्हणून मोजली जातील.