दोघांची डिंगी: शीड उभारण्यापासून किनाऱ्यावर परतण्यापर्यंत

दोन माणसांनी चालवायची लहान शिडाची होडी, म्हणजे डिंगी, पहिल्यांदा जवळून पाहिली की दोऱ्यांच्या गुंत्याने माणूस बिचकतो. प्रत्यक्षात दोऱ्या मोजक्या असतात आणि प्रत्येकीचे काम एका वाक्यात सांगता येते. अवघड असते ते वाऱ्याचे भान सतत जागे ठेवणे. डिंगीला ब्रेक नसतो. तिला थांबवायचे तर शिडातला वारा सोडून द्यावा लागतो, आणि तो केव्हा व कसा सोडायचा हे ज्याला उमगले त्याला उरलेले कौशल्य सावकाश येते. म्हणून जोडणीच्या पहिल्या खिळीपासून परतीच्या शेवटच्या हातापर्यंत स्वतःला एकच प्रश्न विचारत राहावे: या क्षणी वारा कुठून येत आहे?

दोघांच्या डिंगीला साधारणपणे दोन शिडे असतात: डोलकाठीच्या मागे मोठे शीड आणि पुढे लहान त्रिकोणी जिब. ४.२० मीटर लांबीची '४२०' ही नाव जगभर तरुणांच्या प्रशिक्षणात वापरली जाते आणि ४.७० मीटरची '४७०' १९७६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. या वर्गांमध्ये बाहेर झुकण्यासाठी ट्रॅपीझची तार आणि स्पिनेकर नावाचे फुगीर शीडही असते; नवशिक्यांनी दोन्ही गोष्टी पहिल्या काही महिन्यांसाठी बाजूला ठेवाव्यात. पुढे दिलेली माहिती फक्त दोन शिडांपुरती आहे.

पाण्यावर जायचे की नाही, हा निर्णय जोडणीपूर्वी घ्यावा. ब्यूफोर्ट मापनाचा ३ क्रमांकाचा वारा ७ ते १० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३ ते १९ किलोमीटर वेगाचा असतो आणि त्यात लाटांवर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो. ४ क्रमांकाला वेग ११ ते १६ नॉटपर्यंत जातो आणि फेसाचे तुरे जागोजागी दिसतात. सोबत जाणकार माणूस आणि बचावाची मोटारबोट नसेल, तर नवशिक्यांनी ३ क्रमांकाच्या पुढे जाऊ नये. वेगाइतकीच दिशाही महत्त्वाची आहे. जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा सर्वांत फसवा असतो, कारण किनाऱ्यालगत पाणी सपाट आणि शांत दिसते, परंतु नाव आत आत ढकलली जाते, वाऱ्याचा जोर वाढत जातो आणि परत येताना त्याच वाऱ्याच्या तोंडावर यावे लागते. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच अंगात घालून बंद करावे आणि कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या थंडीप्रमाणे निवडावेत.

जोडणी

सर्वप्रथम नावेचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, वाऱ्याकडे करून ठेवावी. असे केल्यास शीड चढवताना ते नुसते फडफडते. नाव आडवी असेल तर अर्धवट चढलेल्या शिडात वारा भरून ती ट्रॉलीवरच कलंडू शकते. नंतर पाणी काढण्याची बुचे घट्ट बसवावीत. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट सर्वाधिक विसरली जाते, आणि पोकळ कप्प्यांत पाणी भरत गेलेली नाव अर्ध्या तासाने जड व अस्थिर का झाली, हे कोणालाच कळत नाही.

डोलकाठी उभी करण्यापूर्वी मान वर करून पाहावे. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीतून वीज वाहते, त्यामुळे वर किंवा पाण्यापर्यंतच्या वाटेवर विजेच्या तारा असतील तर जागा बदलावी. एकाने डोलकाठीचा पाया खाचेत बसवून ती सरळ धरावी आणि दुसऱ्याने दोन्ही बाजूंचे ताण, म्हणजे डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा, आणि नाळेकडचा ताण जोडावा. तिन्ही ताण पक्के झाल्याशिवाय पहिल्याने हात सोडू नये. खिळ्यांना लावलेली लहान कडी नीट बंद आहे, हे डोळ्यांनी पाहून थांबू नये, बोटांनी चाचपावे.

आता जिब लावावे. त्याचा पुढचा खालचा कोपरा नाळेवर अडकवावा, पुढची कड नाळेकडच्या ताणावर क्लिपांनी लावावी आणि वरच्या कोपऱ्याला हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढण्याची दोरी, बांधावी. मागच्या कोपऱ्याला दोन शीट असतात. शीट हा शब्द नवख्याला हमखास गोंधळात टाकतो, कारण त्याचा अर्थ कापड असा नसून शीड आत ओढण्याची किंवा बाहेर सोडण्याची दोरी असा आहे. दोन्ही शीट डोलकाठीच्या दोन बाजूंनी मागे आणून आपापल्या कड्यांतून ओवाव्यात आणि टोकांना आठच्या आकाराची गाठ मारावी, म्हणजे त्या निसटणार नाहीत.

मोठ्या शिडात आधी बॅटन, म्हणजे लवचिक पट्ट्या, सरकवाव्यात. मग हॅलयार्ड डोलकाठीला गुंडाळली गेली नाही ना, हे पाहून ती वरच्या कोपऱ्याला जोडावी. शिडाची पुढची कड डोलकाठीच्या खाचेत एकजण भरवत असताना दुसऱ्याने दोरी ओढावी. कड अडकली तर जोर लावू नये. थोडे खाली घेऊन पुन्हा भरवावे. शीड पूर्ण चढल्यावर खालच्या आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, शिडाचे उरलेले कोपरे जोडावेत आणि बूम वर उचलला जाऊ नये म्हणून डोलकाठीच्या पायथ्याकडून येणारी किकरची दोरी ओढावी. मोठ्या शिडाची शीट पुल्यांमधून ओवून टोकाला गाठ मारावी, मात्र ती पूर्ण सैल राहू द्यावी. सुकाणू बसवल्यावर त्याची अडकवण्याची पट्टी जागेवर आली आहे का, ते वर उचलून पाहावे. ती बसली नसेल तर नाव उलटताच सुकाणू निघून वाहून जाते.

पाण्यात

नाव ट्रॉलीवरून उतरवताना नाळ शक्य तितकी वाऱ्याकडे ठेवावी. क्रूने, म्हणजे सोबत्याने, गुडघ्यापेक्षा थोड्या खोल पाण्यात उभे राहून नाळ धरावी. लाटा असतील तर नाव आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये, कारण पाणी भरलेली लहान नावही माणसाला जबर दाबते. सुकाणूधाऱ्याने आत चढून सुकाणूचे पाते आणि सेंटरबोर्ड, म्हणजे नावेच्या मध्यातून खाली पाण्यात जाणारी फळी, जमेल तितके खाली सोडावे. मग सोबत्याने नाळ हलकेच वाऱ्यापासून बाजूला ढकलून आत यावे.

सुकाणूधारी बूमच्या समोरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या काठावर शिडाकडे तोंड करून बसतो. मागचा हात टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर, आणि पुढचा हात मोठ्या शिडाच्या शीटवर असतो. टिलर ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट बाजूला नाळ वळते. सोबत्याकडे जिब, सेंटरबोर्ड आणि तोल ही तीन कामे असतात. मोठ्या शिडाची शीट क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवून ठेवण्याचा मोह सुरुवातीला कटाक्षाने टाळावा, असे माझे ठाम मत आहे. हात दुखेल, पण वाऱ्याचा झोत येताच सोडलेली शीट नाव वाचवते. अडकवलेली शीट तेवढ्या एका क्षणात तिला उलटवते.

पहिला सराव वाऱ्याला आडवे जाण्याचा असावा. वारा एका बाजूने थेट काटकोनात येत असताना शिडे साधारण अर्धी बाहेर सोडावीत, थोडे अंतर जावे, दोन्ही शीट सोडून द्याव्यात आणि नाव थांबते हे अनुभवावे. पुन्हा शीट ओढाव्यात, पुन्हा थांबावे. हा सराव कंटाळवाणा वाटला तरी दहा-बारा वेळा करावा, कारण पुढच्या प्रत्येक अडचणीत तोच कामी येतो.

शीड किती ओढायचे याचा नियम साधा आहे: पुढची कड थरथरू लागेपर्यंत सोडावे आणि थरथर जेमतेम थांबेल इतकेच पुन्हा ओढावे. शीड जास्त ओढले तर नाव कलते, पण पुढे जात नाही, आणि ही चूक फडफडीसारखी कानाला ऐकू येत नसल्याने बराच वेळ लक्षात येत नाही. सेंटरबोर्ड नावेला वाऱ्याबरोबर बाजूला सरकू देत नाही. म्हणून वाऱ्याकडे चढताना तो पूर्ण खाली, आडवे जाताना निम्मा आणि वारा पाठीशी असताना बराचसा वर ठेवावा. नाव होता होईल तो सपाट चालवावी.

थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतीच शिडाची नाव जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंशांचा पट्टा वर्ज्य असतो, त्यामुळे त्या दिशेला नागमोडी वळणे घेत जावे लागते. नाळ वाऱ्यातून फिरवून बाजू बदलण्याला टॅक म्हणतात. आधी नावेला पुरेसा वेग द्यावा. सुकाणूधाऱ्याने 'तयार?' असे विचारावे आणि सोबत्याने जिबची शीट हातात घेऊन 'तयार' म्हटल्यावरच टिलर स्वतःपासून दूर, शांतपणे पण न थांबता ढकलावा. जिब फडफडू लागताच सोबत्याने जुनी शीट सोडावी, दोघांनी वाकून बूमखालून दुसऱ्या काठावर जावे, टिलर मध्यावर आणावा आणि नवी शीट ओढावी. वेग कमी पडला तर नाव वाऱ्याच्या तोंडावर अडकून मागे सरकू लागते. अशा वेळी टिलर आणि बूम दोन्ही एकाच बाजूला दूर ढकलून धरावेत, नाळ पुरेशी फिरली की दोन्ही स्वतःकडे ओढावेत, आणि नाव पुन्हा चालू लागते.

जाइबमध्ये नावेचा मागचा भाग वाऱ्यातून फिरतो. टॅकमध्ये शीड वळणभर रिकामे फडफडते. येथे मात्र ते शेवटपर्यंत भरलेले असते आणि बूम एका फटक्यात पूर्ण रुंदी ओलांडतो. डोक्याला गंभीर इजा होण्याचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. म्हणून वाऱ्याचा जोर कमी असलेला क्षण निवडावा, सेंटरबोर्ड फार खाली नाही हे पाहावे, डोकी खाली घ्यावीत आणि बूम पलीकडे जाताच टिलर मध्यावर आणावा. वारा वाढला असेल तर जाइब न करता वाऱ्याकडे वळून टॅकने फेरी पूर्ण करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि अनुभवी लोकही तो घेतात.

दुसरी शिडाची नाव जवळ आली तर तीन नियम पाठ असावेत. वारा डाव्या बाजूने घेणारी नाव उजव्या बाजूने घेणारीला वाट देते. दोघींना वारा एकाच बाजूने असेल तर वाऱ्याकडची नाव वाऱ्याखालच्या नावेला वाट देते. आणि मागून येऊन ओलांडणारी नाव नेहमीच बाजूला राहते.

उलटल्यावर

डिंगी उलटणे हा शिकण्याचाच भाग आहे, आणि माझ्या मते ते पहिल्याच आठवड्यात, किनाऱ्याजवळ, मदतनीस हजर असताना मुद्दाम करून पाहावे. उलटताच एकमेकांना हाक मारून दोघेही मोकळे आहेत याची खात्री करावी. नाव सोडून पोहत किनारा गाठण्याचा प्रयत्न कधीही करू नये. नाव तरंगत राहते आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा ती कितीतरी लवकर दिसते. सर्व शीट सोडवाव्यात. एकाने सुकाणूकडून वळसा घालून सेंटरबोर्डपाशी जावे. दुसऱ्याने आतल्या बाजूला राहून बोर्ड पूर्ण बाहेर ढकलावा, वरच्या बाजूची जिबची शीट पहिल्याकडे फेकावी आणि स्वतः नावेच्या आत बाकाला धरून, अंगाचा भार न टाकता तरंगत राहावे. पहिल्याने बोर्डावर, शक्यतो नावेच्या अंगालगत, उभे राहून शीट ओढत मागे झुकावे. नाव सरळ होताना आतला सोबती आपोआप उचलला जातो आणि मग तो पहिल्याला आत घेतो. डोलकाठीचे टोक वारा येतो त्या दिशेला असेल तर सरळ होणाऱ्या शिडाखाली वारा शिरून नाव पुन्हा दुसरीकडे उलटू शकते, म्हणून वेळ असेल तर आधी नाळ वाऱ्याकडे फिरवून घ्यावी. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करावेत. ही संकटाची आंतरराष्ट्रीय खूण आहे.

परतताना वारा किनाऱ्याकडून येत असेल तर काम सोपे असते: नागमोडी जवळ यावे, शेवटी नाळ वाऱ्याकडे वळवावी आणि सोबत्याने उथळ पाण्यात उतरून ती धरावी. वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल तर बरेच आधी, खोल पाण्यात, नाळ वाऱ्याकडे करून मोठे शीड उतरवावे आणि केवळ जिबवर हळू यावे. पाणी उथळ होत जाईल तसा सोबत्याने सेंटरबोर्ड आणि सुकाणूधाऱ्याने सुकाणूचे पाते वर घ्यावे. नाव बाहेर काढल्यावर बुचे उघडावीत, दोऱ्या आणि शिडे गोड्या पाण्याने धुवावीत आणि शिडे सावलीत वाळवून गुंडाळावीत.