डबल डेकर मागण्याआधी या चुका टाळा

सांगली-मिरज बसमध्ये सकाळी पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे दुमजली गाडीच हवी, हा हिशोब सगळ्यात महागात पडतो. गर्दी किती, यापेक्षा ती कुठून कुठपर्यंत टिकते हे आधी बघा.

समजा एका फेरीत ९० तिकिटं गेली. सगळे सांगली स्टँडला चढून मिरजेत उतरले, तर गाडीत एका वेळी ९० माणसं. पण ४५ जण वाटेतल्या विश्रामबागला उतरले आणि तिथूनच नवे ४५ चढले, तर गाडीत कधीच ४५ च्या वर कुणी नसतं. तिकिटं तेवढीच, पण इथे साधी गाडी पुरते. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजची पोरं विश्रामबागलाच उतरतात, त्यामुळे या मार्गावर हा फरक किरकोळ नाही.

फक्त तिकीट मशीनवर विसंबणं

पासधारक विद्यार्थ्याला वाहक तिकीट देत नाही. म्हणजे कॉलेजच्या वेळेची खरी गर्दी मशीनमध्ये उमटतच नाही. विश्रामबागच्या थांब्यावर माणूस उभा करून चढणारे-उतरणारे मोजा. सुट्ट्या आणि परीक्षेचे दिवस सोडून.

जिना विसरणं

वरच्या मजल्यावर उभं राहायला परवानगी नसते, पण जास्त सीट तिथेच असतात. खाली जिना आणि चाकं जागा खातात. आता मिरजेला जाणारे कोण? दवाखान्याला निघालेले पेशंट, डबा-पिशव्या घेतलेले नातेवाईक. पायाला प्लास्टर घातलेला माणूस वर जाणार नाही, आणि दोन थांब्यांवर उतरणारा तर नाहीच. खाली चेंगराचेंगरी, वर रिकाम्या सीट आणि वाहक ओरडतोय, ‘वर जावा की!’ मुंबईत २०२३ पासून धावणाऱ्या इलेक्ट्रिक डबल डेकरला दोन जिने आहेत. त्याने उतरणं सोपं होतं, दुखरा गुडघा तोच राहतो.

थांबे कमी आणि प्रवास लांबचा असेल तिथे दुमजली गाडी शोभते. चढ-उतार सारखी असेल तिथे रुंद दारांची, लांब, एकमजली गाडी घ्या.

दोन गाड्यांच्या बदल्यात एक

दर दहा मिनिटांची बस वीस मिनिटांवर गेली की माणसं वडापमध्ये, म्हणजे शेअर जीप-रिक्षात बसतात. मग वरचा मजला कुणासाठी? फेऱ्या तेवढ्याच ठेवूनही गाड्या भरून वाहत असतील, तरच आकार वाढवा. बऱ्याचदा शाळा-कॉलेजच्या वेळेला दोन जादा फेऱ्या सोडल्या तरी भागतं.

उंची न मोजणं

आपल्याकडे डबल डेकरची उंची ४.७५ मीटरपर्यंत असू शकते. तेवढी काठी टेम्पोवर बांधून मार्गावरून एकदा फिरवा, म्हणजे लोंबत्या वायरी आणि फांद्या कळतील. ही फेरी गणपतीत मारा, स्वागत कमानी उभ्या असताना. आणि २०१९, २०२१ सारखं कृष्णेचं पाणी चढलं की वाहतूक ज्या रस्त्यांनी वळवतात, तेही त्याच काठीने मोजून घ्या.