भरतीचा खरा खर्च कसा मोजावा

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या मध्यम कारखान्यात ‘एक सीएनसी (संगणक-नियंत्रित मशीनचा) ऑपरेटर कामावर घ्यायला किती खर्च येतो’ असे विचारले, तर बहुधा माणसे शोधून देणाऱ्या कन्सल्टंटच्या बिलाचा आकडा सांगितला जातो. तो आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. कारण ज्या खर्चाचे बिल येत नाही तो, म्हणजे प्रामुख्याने आपल्याच माणसांचा वेळ, त्यात कुठेही धरलेला नसतो. माझ्या मते भरतीचा हिशोब चुकतो तो इथेच.

सूत्र साधे आहे. ठरावीक काळातील बाहेरचा खर्च आणि आतला खर्च यांची बेरीज करायची आणि त्या काळात प्रत्यक्ष रुजू झालेल्यांच्या संख्येने तिला भागायचे. अमेरिकेतील ‘एसएचआरएम’ या मनुष्यबळ व्यवस्थापनातील संस्थेने २०१२ मध्ये तयार केलेल्या मानकातही हीच रीत आहे. ऑफर लेटर किती दिली याला इथे महत्त्व नाही. ऑफर घेऊन न आलेल्या उमेदवारावर झालेला खर्च बेरजेत राहतो, पण तो माणूस भाजकात येत नाही.

नोंदींची सुरुवात भरायच्या जागेपासून करावी. जागा मंजूर झाली त्याच दिवशी तिला क्रमांक द्यावा आणि त्यानंतरचा प्रत्येक खर्च त्या क्रमांकावर टाकावा. टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर भरतीसाठी वेगळे कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते, उघडावे, नसेल तर एक्सेलची एक शीट पुरते. या क्रमांकाचा मोठा फायदा असा, की मार्चमध्ये दिलेली जाहिरात आणि त्या जाहिरातीतून मे महिन्यात रुजू झालेला माणूस वेगवेगळ्या आर्थिक वर्षांत गेले, तरी त्यांची सांगड सुटत नाही.

बाहेरच्या खर्चात कन्सल्टंटची फी, जॉब पोर्टलचे शुल्क, उमेदवारांचा प्रवासखर्च, वैद्यकीय तपासणी, पूर्वीच्या नोकरीची पडताळणी आणि ओळखीतून माणूस आणणाऱ्या कामगाराला दिलेला बोनस हे सर्व येते. कन्सल्टंटची फी अनेकदा वार्षिक सीटीसीच्या (कर्मचाऱ्यामागे कंपनीला पडणाऱ्या एकूण रकमेच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या सीटीसीइतकी ठरते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. आपली जीएसटी नोंदणी असून माल करपात्र असेल, तर या कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळते, त्यामुळे तो भरतीच्या खर्चात धरू नये. उलट टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापायचा आयकर, कापल्यामुळे कन्सल्टंटच्या हाती कमी रक्कम पडली, तरी खर्च पूर्ण फीचाच लिहावा.

आतला खर्च मोजताना तासाचा दर काढावा लागतो. त्यासाठी हातात पडणारा पगार नव्हे, तर कंपनीला पडणारी वार्षिक रक्कम घ्यावी. तिच्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, लागू असल्यास ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ३.२५ टक्के, बोनस आणि ग्रॅच्युइटीची तरतूद यावी. उत्पादन व्यवस्थापकावर वर्षाला १२ लाख रुपये खर्च होत असतील आणि तो वर्षाला २,४०० तास काम करत असेल, तर त्याचा तास ५०० रुपयांचा होतो. मुलाखतीचे तास त्याच दिवशी लिहून घ्यावेत. महिनाअखेरीस आठवून लिहिलेले तास नेहमी कमी भरतात, कारण अर्ज चाळण्यात, फोन करण्यात आणि न आलेल्या उमेदवाराची वाट पाहण्यात गेलेला वेळ कोणाच्या लक्षात राहत नाही.

समजा, सहा महिन्यांत दहा ऑपरेटर रुजू झाले. त्यांपैकी चार कन्सल्टंटमार्फत आले, प्रत्येकाची सीटीसी ३ लाख. त्यांची फी सुमारे १,००,००० रुपये. पोर्टलचे २०,०००, तिघांच्या ओळखीचा बोनस १५,०००, वैद्यकीय तपासणीचे ८,००० आणि प्रवासाचे ७,००० मिळून बाहेरचा खर्च १,५०,००० झाला. मनुष्यबळ विभागातील ४०,००० रुपये मासिक खर्चाच्या एका व्यक्तीचा अर्धा वेळ म्हणजे १,२०,०००, सुपरवायझरांचे ७२ तास २५० रुपयांनी १८,००० आणि व्यवस्थापकाचे २४ तास १२,०००. हाही आकडा १,५०,००० होतो. एकूण ३,००,०००, म्हणजे माणशी ३०,००० रुपये. केवळ बिले धरली असती तर हाच आकडा १५,००० दिसला असता.

आता या दहांपैकी दोघे तीन महिन्यांच्या आत सोडून गेले, तर टिकलेल्या आठ जणांमागे खर्च ३७,५०० रुपये पडतो. हे दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. शिवाय माणूस कोणत्या मार्गाने आला, याचा एक रकाना अवश्य ठेवावा. कन्सल्टंट, पोर्टल, ओळख, आयटीआयमधील कॅम्पस या प्रत्येकाचा खर्च आणि टिकलेली माणसे वेगळी दिसू लागली, की पुढच्या वेळी पैसा कुठे घालावा हे ठरवता येते. जो मार्ग बिलावरून स्वस्त वाटतो, त्यातच सुपरवायझरचे सर्वाधिक तास जात असल्याचे यातून उघड होऊ शकते.

जागा रिकामी असताना थांबलेले मशीन, इतरांना दुप्पट दराने द्यावा लागलेला ओव्हरटाइम आणि नव्या माणसाचा शिकण्याचा काळ हाही खराच खर्च आहे, पण तो वेगळ्या रकान्यात लिहावा. तो भरतीच्या आकड्यात मिसळला, तर मागील सहामाहीशी तुलना करता येत नाही. व्याख्या एकदा ठरली की किमान वर्षभर बदलू नये.

शेवटचा रकाना कन्सल्टंटच्या बदली-हमीचा, म्हणजे माणूस लवकर सोडून गेल्यास दुसरा देण्याच्या हमीचा, असावा. करारात हमीचा काळ, समजा ९० दिवस, लिहिलेला असेल, तर ती मुदत संपण्याची तारीख रुजू होण्याच्या दिवशीच नोंदवावी. हमीच्या काळात गेलेल्या माणसाची बदली मागायची राहून गेली, तर त्याच जागेसाठी पुन्हा पूर्ण फी भरावी लागते.