दुर्मीळ पामचं बी: सुकवू नका, उकरू नका

धान्याचं बियाणं आपण दाताखाली कडकन तुटेल इतकं वाळवतो आणि मग निश्चिंत होतो. पामच्या बियाला हाच न्याय लावला की ते मेलंच म्हणून समजा. दमट जंगलातल्या पामचं फळ ओल्या पाचोळ्यावर पडतं आणि तिथेच रुजायला लागतं. सुकून वाट पाहणं बहुतेकांच्या स्वभावात नाही. गर्भ एकदा वाळला की मग कितीही भिजवा, उपयोग नाही.

उन्हाळा उतरणीला लागून हवेत दमटपणा येऊ लागला की पेरणीचा काळ आला. तेव्हा बी किती सुंदर आहे ते पाहू नका, झाडावरून कधी उतरवलं ते विचारा. लाल देठांचा लिपस्टिक पाम किंवा मोठ्या अखंड पानांचा जोई पाम यांचं बी फार दिवस तग धरत नाही. जाड कवचाचा बिस्मार्किया थोडी सवलत देतो. वीसेक बिया आणल्या असतील तर एक-दोन कापून बघा. आतला गर पांढरा, घट्ट आणि गर्भ पांढराशुभ्र दिसला तर ठीक. तपकिरी पडलेला, आंबूस वासाचा असेल तर पुढची मेहनत वाया. पाण्यावर तरंगलं म्हणून बी फेकायचं, हा सल्ला मात्र सरसकट मानू नका. काही पामांचं चांगलं बीसुद्धा तरंगतं.

फळाचा गर पूर्ण काढा. तो उगवण रोखतो आणि बुरशीला आमंत्रण देतो. फिशटेल पाम आणि अरेंगा पामच्या फळांना हातमोज्यांशिवाय हात लावू नका. त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी त्वचेची भयंकर आग होते. स्वच्छ बी एक-दोन दिवस भिजवा, पाणी रोज बदला.

बारीक आणि मध्यम बियांसाठी झिपची पिशवी आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरे. कोकोपीट मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. सडण्याचं कारण बहुतेक वेळा जास्तीचं पाणीच असतं. २८ ते ३५ अंश तापमान उत्तम. उष्ण प्रदेशात ते आपोआप मिळतं, खालून ऊब द्यायची गरज नाही. धोका उलटा आहे: बंद पिशवीवर थेट ऊन आलं की आतलं बी शिजतं. सावलीत ठेवा, पिशवीवर नाव आणि तारीख लिहा.

बिस्मार्कियाला पिशवीत फार काळ ठेवू नका, कारण त्याची उगवण निराळी आहे. बियातून आधी एक जाड देठ निघून सरळ खाली जातो आणि खोलवर गेल्यावर त्यातून मुळी आणि कोंब फुटतात. वर महिनोन्‌महिने काही दिसत नाही, आणि आपण ‘गेलं वाटतं’ म्हणून उकरतो. तो देठ तुटला की रोप संपलं. (उकरायचा मोह मलाही आवरलेला नाही, म्हणूनच इतकं सांगतो.) अशा पामांना पहिल्यापासून फूटभर तरी खोल कुंडी द्या. सेशेल्स बेटांवरच्या कोको द मेर या पामचा हा देठ तर कित्येक फूट लांब जाऊन मग कोंब काढतो.

एकाच घडातलं बी एकदम उगवेल ही अपेक्षा सोडा. काही दोन महिन्यांत येतं, काही वर्षभराने. बी हाताला घट्ट लागतंय तोवर ठेवा. जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाने घाई करू नका, रोपं लांबुडकी होऊन कोलमडतात.

बॉटल पामबद्दल एक सावधगिरी. मूळ जंगलात, मॉरिशसजवळच्या राउंड बेटावर, तो अगदी थोडा उरला आहे. बागांमध्ये मात्र मुबलक. त्यामुळे बी बागेतलंच घ्या, पण शेजारी स्पिंडल पाम असेल तर संकर निघू शकतो. परदेशातून बी आणताना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मादागास्करचा त्रिकोणी पाम तर ‘साइट्स’ या धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि तिथून निर्यात होणारं त्याचं बीसुद्धा त्या नियमाखाली येतं. कागद नसलेलं स्वस्त बी नाकारा.

कोंब आल्यावर बी रोपापासून तोडू नका, पहिले दोनेक महिने रोप त्यावरच जगतं. तोवर खत नको. नंतर पातळ करून द्या, त्यात पालाश आणि मॅग्नेशियम असू द्या. पन्नास ते सत्तर टक्के सावलीची शेडनेट लावा. कोरड्या उष्म्यात लाल कोळी ही कीड त्रास देते, पावसात गोगलगाई, आणि उंदीर बारा महिने. बियांच्या ट्रेवर जाळी हवीच. पाणी कुंडीचा वरचा थर सुकल्यावर द्या. अपवाद लिपस्टिक पामचा: तो दलदलीतला, त्याची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली तरी चालते, पण एकदा सुकली तर तो सहसा सावरत नाही.